देव मानत नाही, पण जपमाळ आहे

देव मानत नाही पण मरियामातेला सोडवत नाही असं म्हटलं की दोन्हीकडचे हसतात. नेमाने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारे म्हणतात हे कसलं अर्धवट, मानायचं तर नीट मान, आणि ज्यांनी देवाला कधीच रामराम ठोकलाय ते मित्र म्हणतात अगं मग ती माळ कशाला पर्समध्ये. दोघांचंही बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही, माळ आहे. माझा विश्वास भांडूनबिंडून गेला नाही, कुठल्या फादरवर राग नाही, आभाळ कोसळलं म्हणून पण नाही. पातळ होत होत गेला. आधी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, सुटलं, मग कम्युनियनची पवित्र भाकर, आणि मग कधीतरी सगळ्यांबरोबर उभं राहून 'मी विश्वास ठेवते' म्हणताना लक्षात आलं की नुसते ओठ हलतायत.

आता पंचाईत अशी की जपमाळ सुरूच मुळी तिथून होते. क्रूस हातात धरायचा आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, तोच 'मी विश्वास ठेवते'वाला, म्हणायचा, म्हणजे दारातच ओळखपत्र मागतात. मी क्रूस सोडून देते आणि पुढच्या मण्यापासून धरते. तिथे एक 'आमच्या बापा', मग तीन 'नमो मारिया', म्हणजे मरियेची प्रार्थना, ते तीन विश्वास, आशा आणि प्रीतीसाठी म्हणतात, त्यातला पहिला विश्वास वाढावा म्हणून. तो मी म्हणून टाकते, म्हणायला काय जातंय. मग पदक येतं आणि खरी माळ लागते, दहा-दहाचे पाच घोस आणि मधे 'आमच्या बापा'चे सुटे मणी, सगळे धरून ५९, त्यातले ५३ एकट्या नमो मारियाचे. बापाच्या वाट्याला ६. हे प्रमाण बघून बाहेरचे विचारतात की तुम्ही मरियेची पूजा करता का, आणि मग कोणीतरी शिकवल्यासारखं सांगतं की नाही नाही, आराधना फक्त देवाची, तिला नुसता मान, सर्वात मोठा पण मानच. माझ्या बाबतीत हा भेद भलताच कामाला आला, आराधना गेली आणि मान राहिला.

पण राहिला का, तर मला वाटतं त्या प्रार्थनेच्या रचनेमुळे. नमो मारियाचं पहिलं अर्ध आपलं नाहीच, ते बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं आहे, आधी गब्रिएल दूत तिला जे म्हणाला ते आणि मग तिची नातेवाईक एलिझाबेथ जे म्हणाली ते. निव्वळ कौतुक. शतकानुशतकं लोक तेवढंच म्हणायचे, मागणीचं दुसरं अर्ध मागून येऊन जोडलं गेलं आणि आजचे शब्द पोप पायस पाचवे यांच्या १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात पक्के झाले. आणि मागणी तरी काय आहे बघा. पैसा नाही, तब्येत नाही, क्षमासुद्धा थेट नाही. एवढंच की आम्हा पाप्यांसाठी तू विनंती कर, आत्ता आणि मरताना. म्हणजे प्रार्थना करायचं काम पण तिच्याच गळ्यात! घरात वडिलांशी अबोला असला की सगळे निरोप आईमार्फत जातात तसंच हे, आणि आई काही विचारत नाही की तू वडिलांना मानतेस की नाही, ती नुसतं सांगून येते. ज्याला स्वतःला प्रार्थना जमत नाही त्याच्यासाठी याहून सोयीची प्रार्थना माझ्या तरी माहितीत नाही.

त्यात चारचौघांत म्हणताना पुढच्याने कौतुकाचं अर्ध म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागणीचं, त्यामुळे मागे बसलेल्याला मागण्याशिवाय काही म्हणावंच लागत नाही. कोणी गेलं की त्या घरी जपमाळ होते तेव्हा मी अशीच मागे असते. पुढचा आपल्या अर्धातला शेवटचा शब्द 'येशू' म्हणतोय न म्हणतोय तोवर मागून 'पवित्र मरिये' सुरू, तिसऱ्या-चौथ्या घोसापर्यंत दोन्ही अर्धी एकमेकांवर चढलेली असतात, आणि एखादी आजी आपल्या चालीने सगळ्यांच्या मागून एकटीच 'आमच्या मरणाच्या वेळी' म्हणत पोचते आणि तिच्यासाठी कोणी थांबत नाही.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता की लॅटिनमधली जपमाळ म्हणताना, आणि योगातला मंत्र म्हणतानासुद्धा, श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि ते हृदयाला चांगलं असतं. मित्रांना हे फार आवडतं, त्यांना वाटतं चला, सुटलो, हिचं पण कारण सापडलं. मला नाही पटत, म्हणजे अभ्यास पटतो पण कारण नाही, श्वासच हवा असता तर आकडे मोजले असते की.

आणि घोस म्हणताना मनात जी रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, आणायची असतात ती तर श्वासाच्या अगदी उलट. आनंदाचं पाचवं रहस्य घ्या. बारा वर्षांचा येशू हरवलाय, सण आटपून परतताना एक दिवस चालून झाल्यावर कळतं की तो सोबत नाहीच, उलटं यरुशलेमला जायचं, तिसऱ्या दिवशी देवळात सापडतो, आणि आई विचारते की बाळा असं का वागलास, आम्ही किती घोर लागून शोधतोय, तर हा म्हणतो मला शोधलंतच कशाला. याला आनंद म्हणणारा माणूस नक्कीच कोणाचा पालक नसणार. पण लूक पुढे एक साधं वाक्य लिहून जातो, की तो काय म्हणाला ते त्यांना कळलं नाही. त्यांना म्हणजे तिलाही. १८५४ ची निष्कलंक गर्भसंभवाची, म्हणजे मरिया आईच्या पोटात आली तेव्हापासूनच पापाच्या डागाशिवाय होती अशी, आणि १९५० ची ती स्वर्गात सदेह घेतली गेल्याची, या चर्चच्या दोन्ही घोषणा माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत, मी त्या मरियेपाशी पोचतच नाही. देवळात उभी राहून काही न कळलेली ही बाई मात्र मला कळते.

फ्रान्समधल्या लूर्दची गोष्ट पण मला अशीच आवडते, तिथे बर्नादेत नावाच्या मुलीला मरिया दिसली म्हणतात. १८५८ साली बर्नादेतने सांगितलं की ती जपमाळ म्हणत होती तेव्हा समोरची बाई पण आपले मणी सरकवत होती पण तिचे ओठ हलत नव्हते. बरोबरच आहे, स्वतःलाच नमो मारिया कशी म्हणणार. पण ज्या दिवशी शब्द अगदीच खोटे वाटतात त्या दिवशी मी नुसते मणी सरकवते आणि याला खुद्द लूर्दचा आधार आहे असं स्वतःला बजावते.

रहस्यं आमच्या लहानपणी पंधरा होती. पंधरा म्हणजे दीडशे नमो मारिया, बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांच्या हिशोबाने. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच नवी घातली आणि रहस्यांचे वार ठरलेले असतात त्यात त्यांना गुरुवार दिला, तेव्हा मी बरीचशी बाहेर पडलेली होते तरी मला राग आला, विश्वास नाही आणि सवयी मात्र सनातनी! पण त्यात काना गावचं लग्न आहे, तेवढ्यासाठी मी तो गुरुवार मान्य केला. लग्नात द्राक्षारस संपतो. यजमानांनी कोणाकडे काही मागितल्याचं ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार योहान लिहीत नाही, मरियाच आपणहून येशूला म्हणते, यांच्याकडचा संपलाय. तो म्हणतो माझी वेळ अजून आली नाही, ती त्याच्याशी वाद घालत नाही, नोकरांना सांगते हा सांगेल ते करा. मग सहा दगडी रांजण, पाणी, पाण्याचा द्राक्षारस, हे सगळ्यांना माहितीये. पण शाबासकी कोणाला मिळते बघा. कारभारी चव घेतो, हा आला कुठून ते त्याला ठाऊक नसतं, आणि तो बोलावून कौतुक करतो नवऱ्यामुलाचं, ज्याने काही केलं नव्हतं, मागितलं नव्हतं, आणि बहुतेक त्याला काही संपलंय हेसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.