पेटीचा हात, हॅमंडचा पाय: जॉन लॉर्डच्या नादाचा सातवा महिना

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘लेझी’ गाण्याची सुरुवात पाऊस पडायच्या आत बसवतो. पाऊस आला, गल्लीतली गटारं तुंबून झाली, ‘लेझी’ काही बसलं नाही. पण महिनाभरात एक असा गाढवपणा सापडला की सात महिन्यांचं कोडं सुटलं, म्हणून आज जरा पाल्हाळ लावतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी मुळात पेटीवाला. बाबा भजनी मंडळात साथ करायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकलो. पंचेचाळिशीत अवदसा आठवली आणि डीप पर्पलच्या ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डसारखा ऑर्गन वाजवायचं डोक्यात घेतलं. त्याचा खरा ऑर्गन, म्हणजे हॅमंड सी-थ्री, घरात येणं अशक्यच. बाक आणि पायपट्ट्यांसकट जवळजवळ दोनशे किलोचं ते धूड. आत ९१ दातेरी चाकं, आणि ती फिरवणारी मोटर विजेच्या वारंवारितेवर (हर्ट्झवर) चालते. अमेरिकेतलं ६० हर्ट्झचं यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर तसंच लावलं तर काळी पाचातलं गाणं पांढरी पाचाच्या आसपास येऊन पडेल! तेव्हा ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड, लॅपटॉपवरचा सॉफ्टवेअर ऑर्गन आणि हेडफोन, एवढाच संसार.

आता रडगाणं. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. उजवा हात ताना घेतो, मुरक्या घेतो, गवयाच्या मागे सावलीसारखा धावतो; डाव्याला स्वर म्हणजे काय ते माहीतच नाही. लॉर्डचा डावा हात मात्र बेस गिटारच्या खांद्याला खांदा लावून रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) ओढत असतो. पहिले तीन महिने माझा डावा हात पट्ट्यांवर ठेवला की आपोआप मागेपुढे हलायला लागायचा. बायको म्हणायची, “अहो, हवा कुणाला घालताय?” ते आता थांबलंय. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ८४ वर डाव्या हाताचे आठ बार (मात्रांचे गट) सलग येतात, ९२ वर चारच.

दुसरा त्रास आवाज गढूळ होण्याचा होता. लॉर्डचा ऑर्गन चर्चमधल्यासारखा गोड नाही, गुरगुरतो. बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर, त्याच्यासमोर टिकायचं म्हणून लॉर्डने हॅमंड थेट मार्शल कंपनीच्या अँपला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडला, म्हणजे गिटारवाल्यांचंच शस्त्र उचललं. मीही सॉफ्टवेअरमध्ये तसा अँप लावला, आणि डाव्या हाताने तीन स्वरांचा कॉर्ड दाबला की नुसता चिखल. बरेच दिवस ड्रॉबार आतबाहेर करत बसलो. नऊ दांड्या असतात: दोन तपकिरी, चार पांढऱ्या, तीन काळ्या. दोष त्यांचा नव्हताच. अँपमध्ये आवाज फाटायला लागला की आत आलेल्या स्वरांची एकमेकांत भेसळ होऊन भलतेच स्वर जन्माला येतात, आणि कॉर्डमध्ये गंधार असला की ती भेसळ कानाला फार टोचते. गंधार काढला, नुसते षड्ज-पंचम ठेवले, आणि लख्ख! तानपुरा जुळवताना आपण जे ऐकतो तेच. एवढं सुचायला मला पाच आठवडे लागले, हे बाबांना सांगितलेलं नाही.

आता तो गाढवपणा. हॅमंडची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. हे पेटीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही, आपली पेटीही तशीच. लहानमोठं जे काही होतं ते भात्यावर. हॅमंडचा भाता उजव्या पायाखाली, एक्स्प्रेशन पेडल. म्हणून एक जुनं पेडल विकत घेतलं. पहिल्या दिवशी ते उलटंच चालत होतं, टाच दाबली की गर्जना आणि चवडा दाबला की चिडीचूप. या पेडलांच्या जोडणीत दोन पद्धती आहेत, आणि माझ्या वाट्याला नेमकी दुसरी आली होती. सेटिंगमध्ये एक खूण उलटी केल्यावर ते सुधारलं. मग ते शहाबादी फरशीवर घसरत पलंगाखाली जायला लागलं. पोळपाटाखालचं रबर कापून लावलंय. (पोळपाट आता हलतो. त्यावर घरात चर्चा चालू आहे.)

एवढं करूनही पर्पलच्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बममधला तो आवाज येईना. तिथली ‘लेझी’ची सुरुवात आठवा, टोकियोच्या बुडोकानमधली, १७ ऑगस्ट १९७२. एकटा ऑर्गन आहे. लॉर्ड स्वर धरून ठेवतो आणि तो स्वर आधी घशातल्या घशात असतो, मग खरखरतो, मग अंगावर धावून येतो. माझा स्वर फक्त मोठा व्हायचा, रेडिओचं बटण फिरवल्यासारखा. एका रात्री सॉफ्टवेअरमधली साखळी कागदावर काढली तेव्हा ट्यूब पेटली: माझं पेडल अँपच्या नंतर लागलं होतं. खऱ्या हॅमंडमध्ये ते ऑर्गनच्या पोटात, अँपच्या आधी असतं. पाय दाबला की अँपमध्ये जास्त आवाज घुसतो, म्हणून आवाज वाढतो आणि फाटतोही. पाय सोडला की अँप शांत, स्वर स्वच्छ. म्हणजे त्या एका पायात आवाज आणि संताप दोन्ही. क्रम बदलला, ‘सा’ धरला, पाय हळूहळू दाबला आणि अंगावर काटा आला. रात्री पावणेबाराला एकच स्वर वीस मिनिटं वाजवत बसलो होतो.

ज्यांची अशीच सॉफ्टवेअरची मांडणी असेल त्यांनी हे आजच तपासा. क्रम असा हवा: ऑर्गन, पेडल, अँप, आणि फिरता लेस्ली स्पीकर हवाच असेल तर शेवटी. लॉर्डच्या मार्शलवाल्या आवाजासाठी मी लेस्ली बंदच ठेवतो.

त्या शनिवारी आमची नेहमीची चौकडी जमली. ठरलं होतं मला ऐकायचं, पण झाल्या नेहमीप्रमाणे आठवणीच. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका ‘मेड इन जपान’चे भक्त. ओसाकातले पहिले दोन दिवस १५ आणि १६ ऑगस्ट. १५ ऑगस्ट १९७२ म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव, हे ते दर वेळी सांगतात, जणू पर्पलने त्याचसाठी तारीख धरली. १९९५ मध्ये पर्पल मुंबईत आले, लॉर्डसकट, तेव्हा काकांची नुकतीच मंगळुरूला बदली झाली होती. हा विषय निघाला की चहा ओतायचा आणि गप्प बसायचं, असा आमच्यात संकेत आहे.

‘चाइल्ड इन टाइम’चं मूळ आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने वाजवून दाखवलं. इट्स अ ब्युटिफुल डे नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची १९६९ ची व्हायोलिनवरची धून आहे, नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. लॉर्ड ती ऑर्गनवर छेडत बसला होता, त्यातून पर्पलचं गाणं उभं राहिलं. काका म्हणाले, “बघा, मुंबईने हाक मारली ती तेव्हाच. यायला पंचवीस वर्षं लावली, आणि मी नव्हतो.” पुन्हा चहा.

मग त्या काळचा दुसरा ऑर्गनवाला, कीथ इमर्सन. हॅमंडमध्ये खंजीर खुपसणारा म्हणून लोक त्याला तमाशेवाला समजतात. मला त्यात पेटीच दिसते. खंजीर पट्ट्यांमध्ये रोवला की स्वर दाबलेला राहतो आणि दोन्ही हात मोकळे. आमच्या घरी भजनाला बाबा ‘सा’च्या पट्टीत आगकाडी खोचायचे, तेच काम, फक्त रक्तपात कमी. ६ एप्रिल १९७४ च्या कॅलिफोर्निया जॅम या रॉक महोत्सवात तो पियानोसकट हवेत गोल फिरला, आणि त्याच दिवशी त्याच मंचावर पर्पलही होते. त्या एका दिवसासाठी मी सत्तरचं उरलेलं सगळं दशक द्यायला तयार आहे.

पण शनिवार जिंकला येस बँडचा कीबोर्डवाला रिक वेकमन याच्या किश्श्याने. १९७३, मँचेस्टरचं फ्री ट्रेड हॉल, येसचा तो चार बाजूंचा (दोन तबकड्यांचा) लांबलचक अल्बम. वेकमनला त्यात वाजवायला फारसं नव्हतं आणि त्याला तो कंटाळलाही होता. त्याचा मदतनीस ऑर्गनखाली पडून असायचा. कार्यक्रमानंतर काय खाणार असं त्याने विचारलं, वेकमनने यादी सांगितली, आणि कार्यक्रम चालू असतानाच खालून डबे वर आले: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू आणि भरलेला पराठा. कीबोर्डवर मांडून गडी तिथेच जेवला. म्हापशाचा आमचा मित्र हसून हसून खोकला, मग एकदम गंभीर झाला. “चिकनचं विंदालू? आमच्या गोव्यात ते डुकराचं असतं. म्हणून त्याने पुढे बँड सोडला!” वेकमन सोडून गेला हे खरं, १९७४ मध्ये. कारण वेगळं होतं, पण वाद घालायला कुणालाच जमलं नाही.

शेवटी रात्री साडेनऊला मला वाजवू दिलं. हेडफोन काढून स्पीकर लावले. सुरुवातीचा एकट्या ऑर्गनचा भाग, चाळीस सेकंद. दोनदा डावा हात चुकला, एकदा पाय वेळेआधी दाबला. बाबा आतल्या खोलीत पडले होते. त्यांना हे संगीत म्हणजे गिरणीचा भोंगा वाटतो. पाणी प्यायला उठले, दारात थांबले, म्हणाले, “अरे, भाता बरा चाललाय आता. डावा हात कच्चा आहे.”

पुढच्या महिन्यात डावा हात ९२ वर आठ बार. आणि पोळपाटाला नवं रबर.