शिरोदक

"पांढरी?" आईचा चहाचा कप हवेतच थांबला. "लग्नात पांढरं कोण नेसतं गं?"

भाचीच्या डोक्यात वसईच्या मैत्रिणीचा चर्चमधला पांढराशुभ्र गाऊन बसलेला. गाऊन नको होता तिला, नऊवारीच हवी होती, पैठणीच हवी होती, पण पांढरी. शेवटी भांडण सोबत घेऊनच आम्ही येवल्याला गेलो.

तिथल्या एका विणकराच्या घरात मागावर पदर चालला होता. एकेका मोराच्या एकेका रंगाला वेगळी इवलीशी कांडी. तासभर बसलो, तेवढ्यात मोराची मान जेमतेम वर आली. आईनं मात्र सवयीनं आधी तयार साडीचा पदर उलटा केला. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. मागे लोंबते धागे दिसले की आई साडी खाली ठेवते, किंमतही विचारत नाही. माणसांच्या बाबतीत हे जमलं असतं तर आमच्या घरातली दोन-तीन लग्नं टळली असती, पण ते असो.

मग रंग. डाळिंबी झाला, मोरपंखी झाला, पोपटी आला. "याला राघू म्हणतात," विणकर म्हणाले. भाची खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी विचारलं, "ताईंना काय हवंय?"

"पांढरी," आई म्हणाली, आजाराचं नाव सांगावं तशी.

"मग शिरोदक म्हणा की, आजी! पैठणीचा जुना रंग आहे. क्षीरोदक. दुधापाण्यासारखा."

त्यांनी घडी उलगडली. लाल नारळी काठ, जरीचा पदर आणि मधे ते दूध. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं पदर उलटा केला.

तेव्हाच ठरलं. संध्याकाळी फोनवर ती मावशीला सांगत होती, "शिरोदक घेतली हो. हल्ली कुणाला माहीत असते!" पांढरा हा शब्द घरातून हद्दपार झाला.

मामाकडच्या पिवळ्या अष्टपुत्रीबद्दल मात्र भाचीला कुणी काही विचारलंच नाही. तिचा रंग ठरलेला, काठ ठरलेला, आणि नावावरून पाहिलं तर मुलांची संख्याही. "आठ?" एवढंच भाची म्हणाली.

परवा कपाट आवरताना पैठणीची पावती सापडली. त्यावर लिहिलंय: नग 1, ऑफ व्हाइट. आईला दाखवली नाही.