बॉनेट थंड हवं

शनिवार, रात्र

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्यायची म्हणून बघायला विक्रेत्याच्या यार्डात पोहोचलो आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट लागलं. काल फोनवर दोनदा सांगितलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. "सर, नुसती धुवायला काढली होती," असं उत्तर मिळालं. माझं मन तिथेच उतरलं. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सुरू होताना जे सांगतं, ते तापल्यावर सांगत नाही. इंजिनातली साखळी, म्हणजे टायमिंग चेन, सैल असेल तर खडखडाट दोन-तीन सेकंदच येतो, तेल जळत असेल तर निळसर धूर त्या पहिल्या झटक्यातच दिसतो. तेवढंच नेमकं माझ्यापासून लपलं.

तरी तपासायला सोबत आणलेल्या अण्णांनी गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही. मला बरं वाटलं, पण अण्णा म्हणाले, "पाटी आत्ताच पुसलीय रे." फॉल्ट पुसले की गाडीच्या आतल्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा शून्यापासून सुरू होतात, आणि त्यातल्या बहुतेक अपूर्ण दिसत होत्या. मीटरवर ३८ हजार किलोमीटर, आणि स्टिअरिंगचं लेदर मात्र झिजून काचेसारखं गुळगुळीत, म्हणजे गाडी त्याहून बरीच जास्त चालली असावी. दोघंही न बोलता परत फिरलो.

रविवार

बायकोनं सकाळी सरळ विचारलं, हीच गाडी का? उत्तर नीट द्यायला हवं होतं, तेव्हा जमलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. शेंद्र्याला ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली २००१ मध्ये, तेव्हा मी शाळेत होतो. जालना रोडवर त्या नव्याकोऱ्या गाड्या दिसल्या की सायकल थांबवून बघायचो. आमच्या गावात असं काही तयार होतं, याचा केवढा अभिमान होता! पुढे २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २३० आली: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आणि एवढं सगळं असून मागे ५९० लिटरची डिकी! आई-बाबांना घेऊन गावी जाता येईल आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर जीवही सुखावेल, अशी दुसरी गाडी मला माहीत नाही. नवी घेणं तेव्हा आवाक्याबाहेर होतं. आता जुनी मिळेल, पण जोखमीसकट.

जोखीम कुठे आहे तेही मांडून ठेवतो. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साठत जाते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, तिथून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, पाझरू शकतो. डीएसजीचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. यातलं काहीच मला घाबरवत नाही. घाबरवतं ते रीमॅप. कुणीतरी लॅपटॉप लावून ताकद वाढवलेली असते, वर्षभर क्लच आणि टर्बो पिळलेले असतात, आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलं असतं. त्याची पावती कुणी ठेवत नाही.

बंगळुरूची एक छान गाडी बघितली होती, पण तिकडच्या आरटीओची ना-हरकत (एनओसी) आणून इथला रोड टॅक्स भरायचा म्हटल्यावर हिशेबच बसेना.

पुढचा रविवार, नाशिकहून परतल्यावर

तशीच दुसरी गाडी बघायला पहाटे साडेतीनला अण्णांना घेऊन निघालो. मालक काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. फाटकातच म्हणाले, "काल दुपारपासून हात लावला नाही. बघा." बॉनेट गार होतं, त्यावर दव साचलं होतं. अण्णांनी कान दिला, मी मागे उभा राहिलो. इंजिन एका दमात लागलं. खडखडाट नाही, धूर नाही.

मग काकांना मी फक्त एकच विचारलं, गाडी पळवायचात कधी? ते म्हणाले, "पळवायचो की! पण तेल तापल्याशिवाय तीन हजार आरपीएमच्या वर नेली नाही कधी." तेलाचं तापमान पडद्यावर कुठल्या पानावर दिसतं, तेही त्यांनी लगेच उघडून दाखवलं. कूलंटचा काटा लवकर नव्वदला टेकतो, तेल तापायला मात्र बराच जास्त वेळ लागतो. हा फरक ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातात ही गाडी सुखात राहिली असणार असं मला मनापासून वाटलं.

पाण्याचा पंप बदलल्याचं बिल होतं. चारही टायर एकाच महिन्यातले. रंगाची जाडी मोजली, उजवं मागचं दार सोडून सगळीकडे कंपनीचाच रंग. त्या दाराचं काकांनी आधीच सांगितलं होतं, सोसायटीच्या खांबाला घासलं म्हणून. कर्ज फिटलेलं, आरसीवर बँकेचं नाव नाही.

फक्त एक पावती सापडेना. गाडी ७१ हजार चाललेली, आणि गिअरबॉक्सच्या तेलाची नोंदच नाही. काकांनी फाईल दोनदा चाळली. मग शांतपणे म्हणाले, "राहिलं असावं. आठवत नाही."

दुसऱ्यांदा गाडी मी चालवली. कॉलेज रोडच्या गर्दीत पाऊण तास, रांगत, थांबत. चढावर रिव्हर्स घेतली. कुठे थरथर नाही, दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का नाही. तरीही अकरा हजार किलोमीटर जुन्या तेलावर जास्त गेलेत, हे डोक्यातून जात नाही. अण्णा म्हणतात, घ्यायला हरकत नाही, पण तेल आपल्यासमोर निघू दे, तेही टोकन देण्याआधी. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत, उलट खर्च अर्धा-अर्धा करू म्हणाले.

गुरुवारी गाडी नाशिकच्या एका गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवायची. तेल काळं निघेल, ते निघणारच. अण्णा गिअरबॉक्सचा फिल्टर कापून त्यात धातूचे चकाकते कण, म्हणजे आतल्या झिजेची खूण, आहेत का ते बघणार आहेत. त्यासाठी सुट्टी टाकली आहे.