वय सांगा, मग खातं सांगते

मी एका सीएकडे रिटर्नं भरायचं काम करते, बडोद्यात दांडिया बाजाराजवळ, आणि जून-जुलैत येणारा निम्मा माणूस सही करता करता विचारतोच की ताई रिटायरमेंटसाठी सगळ्यात चांगलं काय, पीपीएफ (पोस्टाचं-बँकेचं पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं) की एनपीएस (निवृत्तीसाठीची सरकारी पेन्शन योजना) की म्युच्युअल फंड. गुजराती क्लायंट असेल तर प्रश्न अजून छोटा, "व्याज केटलुं मळे?" मी उलट वय विचारलं की लोकांना वाटतं ही टाळतेय. टाळत नाही हो, तेच खातं चोविसाव्या वर्षी एक काम करतं आणि साठाव्या वर्षी भलतंच, मग नुसता दर ऐकून काय करणार.

आपल्याकडे सल्ला मिळतो तो घरातल्या मोठ्यांकडून, आणि बडोद्यात मोठ्यांचा सल्ला म्हणजे पोस्ट नाहीतर बँक. ते साहजिकच आहे, सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढलेली, त्यामुळे पासबुक म्हणजे देवघरातल्या पोथीइतकं जपायचं हे आमच्याकडे लहानपणापासून. पण जरा त्यांच्या वेळचे दर बघा. किसान विकास पत्र १९८८ मध्ये आलं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट, आणि पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत सरळ १२ टक्के. असं व्याज मिळत असताना शेअर बाजाराकडे कोण कशाला बघेल, वडिलांनी बघितलं नाही ते बरोबरच केलं. आज तेच केव्हीपी दुप्पट व्हायला ११५ महिने घेतं आणि पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर बसलंय. (हे दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं, त्यामुळे वाचताना एकदा चेक करून घ्या.) म्हणजे नावं तीच, वस्तू बदलली, आणि कमाटी बागेत सकाळी चालायला येणारी मंडळी अजून जुन्याच वस्तूची शिफारस करतायत.

आता भाच्याचं सांगते. चोवीस वर्षांचा, मकरपुरा जीआयडीसीत पहिली नोकरी, आणि ती सोडून दुसरीकडे जाताना मला फोन, आत्या पीएफचे ऐंशी हजार आहेत, काढून बाइक घेऊ? मी म्हटलं आधी पासबुक उघड. बेसिक लागताना पंधरा हजारांच्या आत होतं म्हणून पेन्शन योजनेतही नाव लागलेलं, आता वीस हजार, त्याचे १२ टक्के म्हणजे २,४०० त्याच्या पगारातून कापलेले. कंपनीकडूनही २,४००, पण त्यातले पीएफच्या रकान्यात फक्त १,१५०, आणि उरलेले १,२५० शेवटच्या रकान्यात, पेन्शनच्या. त्याला वाटलं कंपनीने पैसे खाल्ले. खाल्ले नाहीत बाबा, कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के ईपीएसमध्ये, म्हणजे पीएफच्याच पेन्शन योजनेत, जातात, आणि ते १५,००० च्या पगारावरच मोजतात म्हणून १,२५०. दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ नंतर त्याची पेन्शन मिळते. मोठी नसते, १५,००० च्या हिशोबाने ३५ वर्षं केली तरी महिना साडेसात-आठ हजारांच्या आसपास होते, पण दर नोकरीला पैसे काढून मोकळा झालास तर ती दहा वर्षं कधी भरणारच नाहीत. शिवाय पाच वर्षांच्या आत काढलं तर टॅक्स, आणि ट्रान्सफर केलं तर जुनी नोकरीही त्या पाचात धरतात.

आणि ते ऐंशी हजार. सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी पस्तीस वर्षं नुसते पडून राहिले, एक रुपया न घालता, तर पावणेतेरा लाखांच्या वर जातात. दर कायम तोच राहणार नाही हे मलाही माहितीये, पण चोविसाव्या वर्षी हातात असतो तो वेळच, पैसा कुठे असतो. म्हणून या वयाला माझं म्हणणं सोपं आहे, पीएफला हात लावू नको आणि जमेल तेवढी एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम) एखाद्या साध्या इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर्स घेणाऱ्या), कारण बाजार चार वर्षं झोपला तरी याला काही फरक पडत नाही, याला ते पैसे २०६० च्या आसपास लागणारेत. पीपीएफ पाचशे रुपये घालून उघडून ठेव, पंधरा वर्षांचं घड्याळ सुरू होऊ दे, पण सगळे पैसे तिथे नको. बाइक त्याने शेवटी लोनवर घेतली, त्यावर मी काही बोलले नाही.

वेळेची किंमत मला सगळ्यात नीट कळली ती अटल पेन्शन या सरकारी योजनेच्या तक्त्यात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी विचारत होत्या म्हणून काढला. साठीनंतर महिना ५,००० पेन्शन हवी तर अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये, आणि चाळिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला १,४५४. म्हणजे पहिला ४२ वर्षांत एक लाख सहा हजारांच्या आत भरतो, दुसरा वीस वर्षांत साडेतीन लाखांच्या जवळ, आणि पेन्शन दोघांना तेवढीच. मावशी ४२ च्या, चाळिशीनंतर घेतच नाहीत, मग त्यांच्या मुलीचं उघडलं. (इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून यात येता येत नाही.) पण मी मावशींना हेही सांगितलं की नुसत्या याच्यावर राहू नका, महागाई सहा टक्के धरली तर ४२ वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे चारशेतीसच्या आसपास, तेवढ्यात महिन्याचं तेलसुद्धा नीट येत नाही. सरकार खात्री देतं ती आकड्याची, त्या आकड्यात काय येईल त्याची नाही.

चाळिशीचं उदाहरण मी स्वतःच आहे, त्यामुळे लांबवत नाही. होम लोन, पोराची फी, सासूबाईंची औषधं, यातून उरेल ते. इथे पीपीएफला खरी किंमत येते कारण व्याज टॅक्स-फ्री आणि पैसे सहज हाताला लागत नाहीत. वर्षाला दीड लाख, एप्रिलच्या पाच तारखेच्या आत टाकले तर ७.१ ने पंधरा वर्षांत चाळीस लाख अडुसष्ट हजारांच्या आसपास होतात, आणि तिथे न काढता पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढवत नेलं, भरत राहून, तर एक कोटी तीन लाख. बघा, पहिल्या पंधरात चाळीस आणि पुढच्या दहात बासष्ट. लोक नेमकं पंधराव्या वर्षी काढून मॉड्युलर किचन करतात. वाढवायचं असेल तर मॅच्युरिटीनंतर एका वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो, नाहीतर व्याज चालू राहतं पण नवीन पैसे भरता येत नाहीत. आणि पाच तारीख का, तर व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी बॅलन्सवर धरतात, सहा तारखेला टाकलेत तर तो महिना गेला.

मला खरी काळजी वाटते ती नवीन टॅक्स रेजिमची. आधी ८०सीच्या टॅक्स सुटीसाठी का होईना, मार्च आला की लोक धावत जाऊन दीड लाख कुठेतरी घालायचे, आता सूटच नाही तर कशाला घालायचे म्हणून थांबलेत, आणि ते पैसे कुठे गेले विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. अहो पीपीएफचं व्याज नव्या रेजिममध्येही टॅक्स-फ्रीच आहे! सूट म्हणजे वरचं फरसाण होतं, लोकांनी फरसाण नाही म्हणून ताटच परत पाठवलं.

एनपीएस कोणी घ्यावं, तर ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याने. २००९ पासून आपल्यासारख्यांनाही खुलं आहे, आणि पैसे पुष्कळ वर्षं जवळपास कुलपातच. त्यातला ऑटो चॉइस मला आवडतो कारण तो वय बघूनच चालतो, पस्तीसपर्यंत शेअर्सचा भाग जास्त ठेवतो, मग दरवर्षी आपोआप कमी करत नेतो, जे आपण स्वतः कधी करत नाही. नावडतं ते हे की शेवटी काही हिस्सा अन्युइटीत (विमा कंपनीकडून विकत घ्यायच्या पेन्शनमध्ये) घालावाच लागतो, पुष्कळ वर्षं तो किमान ४० टक्के होता, आणि अन्युइटीतून येणारं पेन्शन पुन्हा टॅक्सेबल. पण नोकरी असेल तर एचआरला एवढं विचाराच की कंपनी तिच्या बाजूने एनपीएस भरते का, कारण बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत त्याची सूट नव्या रेजिममध्येही मिळते. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि एचआरही आपणहून सांगत नाही.

आणि आता काका. धाकटे काका यंदा साठ पूर्ण करून रिटायर झाले, पीएफ ग्रॅच्युइटी मिळून पन्नासेक लाख खात्यात आले आणि चौथ्या दिवशी बँकेतून एक मॅडम घरी, मिठाईचा बॉक्स घेऊन. कुठली बँक ते सोडा. पॉलिसी होती, वर्षाला पाच लाख, दहा वर्षं भरायचे, मग "गॅरंटीड इन्कम". काकांनी मला ब्रोशर दाखवलं, गुळगुळीत कागद, समुद्राकाठी हसणारं म्हातारं जोडपं. मी एकच विचारलं, काका, पगार थांबलाय ना तुमचा, मग दहा वर्षं हप्ता कुठून भरणार? ते म्हणाले, "याच पैशातून." म्हणजे आपलेच पैसे त्यांना द्यायचे, सत्तरीपर्यंत वाट बघायची, आणि मग ते आपल्याला थोडे थोडे परत देणार.

साठीला काम उलटं असतं, आता वाढवायचे नसतात तेवढे, महिन्याला यायला हवे असतात. त्यासाठी सीनियर सिटिझन स्कीम, रावपुऱ्याच्या पोस्टातही होते आणि बँकेतही. एप्रिल २०२३ पासून मर्यादा तीस लाख, दर ८.२, उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं पक्का. तीस लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१,५००, म्हणजे महिना २०,५०० पडले. व्याज सेव्हिंग खात्यात आपोआप जमा होईल असं करून घ्यायचं, कारण न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही आणि काही म्हातारी माणसं ते तसंच पडू देतात. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज शून्य, म्हणून सगळे पैसे यात घालू नका, पाच-सहा लाख एफडीत राहू देत आजारपणासाठी. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्यांना ५५ नंतरही उघडता येतं, फक्त पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. आणि हो, सहा टक्के महागाईत हे २०,५०० बारा वर्षांनी निम्म्याची वस्तू आणतील, म्हणून काकांना मी थोडे पैसे फंडात ठेवायला लावले, पाच-सात लाख, दहा वर्षं हात न लावायचे. ते अजून माझ्यावर जरा नाराज आहेत.

उरलेले दहा लाख वर्षभराच्या एफडीत, कारण काकू पुढच्या वर्षी साठची होतेय आणि तिच्या नावाने वेगळं सीनियर सिटिझन खातं उघडता येईल. काकूला मी सांगितलं की पैसे काकांनी दिलेले असल्यामुळे व्याज तुझ्या खात्यात आलं तरी रिटर्नमध्ये ते काकांच्याच उत्पन्नात दाखवायचं, आत्ता १२ लाखांपर्यंत नव्या रेजिममध्ये टॅक्स बसत नाही त्यामुळे खिशाला फरक नाही, पण दाखवायचं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग काकांकडे बघून म्हणाली, "म्हणजे दाखवायचं तुमच्याकडे आणि वापरायचं मी. मला चालेल."