काका, ही चायनाची आहे का?

पूल-स्नूकरच्या क्यूची, म्हणजे खेळायच्या स्टिकची, टिप (टोकावरची चामड्याची टोपी) बदलायला येणारा दर दुसरा मुलगा मला हेच विचारतो. स्टिक माझ्या हातात द्यायच्याही आधी. चायनाची असेल तर वाईट आणि अमेरिकेची असेल तर चांगली, असं त्याचं आधीच ठरलेलं असतं. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनंतर वेबसाइटवर प्रत्येक वस्तूचा मूळ देश लिहावा लागतो, तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढला आहे.

मी टर्नर. उमेदीची सगळी वर्षं वागळे इस्टेटमध्ये लेथवर काढली: पंपाचे शाफ्ट, बुश, बेअरिंगची घरं. आता किसन नगरच्या बाजूला एक छोटा गाळा आहे, त्यात एक लेथ आहे आणि काम फक्त पूल-स्नूकरच्या स्टिकचं. ठाण्यातल्या आणि ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या पार्लरांतून हाऊस क्यूंचे, म्हणजे पार्लरच्या स्वतःच्या क्यूंचे, गठ्ठे येतात, आणि हौशी पोरं आपापली क्यू घेऊन येतात. लेथवर चढलेली क्यू काही लपवू शकत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवतो.

बटवर, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावर, देश एकच छापलेला असतो, पण क्यू एका देशाची नसते. पूल क्यूचा शाफ्ट, म्हणजे टिपेकडचा निमुळता भाग, हार्ड मेपलचा असतो. हे झाड कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात, ग्रेट लेक्सच्या आसपास वाढतं. विस्कॉन्सिनमध्ये बनलेली क्यू असो, जपानमधली असो की चीनमधली, चांगली असेल तर तिचा मेपल बहुधा तिकडचाच. बटमधलं काळं आबनूस आफ्रिकेतून आलेलं असतं, कधी शिसवी आपल्याकडची असते. मुठीवर आयरिश लिननचा दोरा. टिप कामुईची असेल तर जपानी, डुकराच्या कातड्याचे थर एकावर एक चिकटवलेली. हाऊस क्यूवरची निळसर एल्कमास्टर शिकागोच्या ट्वीटेन कंपनीची. ह्या सगळ्याची शेवटची जुळणी जिथे झाली, त्या जागेचं नाव बटवर येतं.

आणि कंपनी अमेरिकन असली म्हणजे क्यू अमेरिकेत बनली असंही होत नाही. ‘मेड इन यूएसए’ लिहायचं तर जवळजवळ सगळी वस्तू तिथेच बनलेली असली पाहिजे, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा दंडक आहे. म्हणून खोक्यावर पत्ता अमेरिकेचा आणि हे तीन शब्द नाहीत, असं दिसलं तर कारखाना कुठे आहे ते विचारून घ्यावं. लुकासी विकणारी कंपनी फ्लोरिडाची, क्यू बनते चीनमध्ये. माझ्या हाताखालून गेलेल्या लुकासी मला आवडल्या. जॉइंटची, म्हणजे बट आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथली, तोंडं सपाट आणि टेपर, म्हणजे शाफ्टचा निमुळतेपणा, एकसारखा होता.

हे नवीन नाही. जॉर्ज बालाबुश्का हे अमेरिकन क्यू कारागिरीतलं सगळ्यात मोठं नाव. १९१२ साली रशियात जन्मलेला हा माणूस लहानपणी न्यूयॉर्कला आला, १९५९ मध्ये क्यू बनवायला लागला आणि १९७५ मध्ये वारला. त्याच्या क्यूंना आज संग्राहक वाटेल ती किंमत देतात. पण बटचा मूळ जोड, म्हणजे ती टोकदार नक्षी ज्यात बसते तो ठोकळा, तो बरेचदा दुसऱ्याकडून घ्यायचा. आधी ब्रन्सविकच्या टायटलिस्ट ह्या तयार क्यूचे बट वापरायचा, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी ह्या क्यू कारागिरांनी केलेले ठोकळे. त्यानं पुढे जे टर्निंग केलं, जॉइंट बसवला, शाफ्ट घडवला, त्याचं मोल. जगातली सगळ्यात नावाजलेली क्यूसुद्धा एका छपराखाली बनलेली नव्हती!

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. रिचर्ड हेल्मस्टेटर नावाचा अमेरिकन माणूस जपानला गेला आणि तिथे ॲडम नावाखाली क्यू बनवायला लागला. ज्या काळात अमेरिकेत जपानी माल म्हणजे स्वस्तातला माल समजत, त्या काळात. आज ॲडम आणि मेझ ह्या जपानी क्यू हातात धरताना कुणी नाक मुरडत नाही, उलट जॉइंट किती अचूक आहे ते बघायला लोक गोळा होतात. ह्याच हेल्मस्टेटरला पुढे कॅलवे कंपनीनं गोल्फच्या कामाला बोलावलं आणि १९९१ मध्ये आलेला बिग बर्था ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची गोल्फ स्टिक, त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. धातू आणि लाकूड समजणारा माणूस कुठल्याही देशात बसवा, माल चांगलाच निघतो.

मग दर्जा कशात असतो? माझ्या मते निम्म्याहून जास्त वाळवणीत.

मेपल कापल्यावर त्यातली ओल सहा ते आठ टक्क्यांपर्यंत उतरवतात. मग चौकोनी पट्टी गोल करतात आणि एकेका फेरीत थोडंथोडं लाकूड काढत टेपर देतात. एक फेरी झाली की शाफ्ट टांगून ठेवायचा, आठवडे, महिने. लाकडाच्या आत ताण असतो, बाहेरचा थर निघाला की तो मोकळा होतो आणि शाफ्ट थोडा वाकतो. वाकू द्यायचा. मग पुढची फेरी वाकलेल्याला सरळ करत घ्यायची. जो फार वाकला तो बाजूला काढायचा. चांगले कारागीर एका शाफ्टला वर्षभरही लावतात. ज्या कारखान्याला पुढच्या कंटेनरची घाई आहे, तो ह्या सगळ्या फेऱ्या एका आठवड्यात उरकतो, आणि राहिलेला ताण क्यूबरोबर न्हावा शेवा बंदरात उतरतो. मग तो कारखाना चीनमधला असो की आणखी कुठला.

आता आपलं हवामान बघा. सहा-आठ टक्के ओल ही तीस-चाळीस टक्के आर्द्रतेच्या कोरड्या खोलीसाठी ठीक. ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी-नव्वदच्या घरात असते. अशा हवेत उघडं लाकूड हळूहळू सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत ओल घेतं. ऐरोली आणि वाशीची पार्लरं खाडीच्या अंगाला, तिथे तर विचारूच नका. दिवसभर एसी चालू, रात्री दुकान बंद झालं की एसी बंद, दमट हवा आत. क्यू रोज फुगते आणि रोज आकसते.

मेपल सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेनं ते वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट फुगतं. म्हणून कोरड्या हवेत गोल टर्न केलेला तेरा मिलिमीटरचा शाफ्ट पावसाळ्यात व्हर्नियर लावला तर किंचित अंडाकृती भरतो. शाफ्टमधल्या रेघा टोकापर्यंत सरळ गेल्या असतील तर तो नुसता फुगतो. रेघा मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर तो वाकतो. लाकूड निवडणाऱ्यानं त्या दिवशी डोळे उघडे ठेवले होते का, हे असं कळतं.

गेल्या पावसाळ्यानंतर घोडबंदर रोडवरचे एक गृहस्थ आले. मुलानं अमेरिकेहून आणलेली, तिथेच बनलेली क्यू, किंमत ऐकून मी गप्प बसलो. बट इतका सुंदर की हात फिरवत राहावं. शाफ्ट लेथवर सेंटरमध्ये धरून डायल (वाक मोजायचं घड्याळ) लावला तर काटा झुलत होता. क्यू त्यांनी हॉलमध्ये खिडकीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती, चार महिने. त्याच महिन्यात खारघरचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा चिनी क्यू घेऊन आला. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून वापरतोय, रोज कोरड्या फडक्यानं पुसून केसमध्ये ठेवतो. काटा जेमतेम हलला. शाफ्टच्या तोंडाशी वलयं बारीक आणि दाट, रेघा सरळ. तो बिचारा विचारत होता, काका, आता अमेरिकन घेऊ का? मी म्हटलं, अरे, हिची फक्त टिप बदल आणि खेळायला जा.

देशाच्या नावाला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मॅकडर्मटसारखी विस्कॉन्सिनची कंपनी वाकण्याविरुद्धसुद्धा आयुष्यभराची हमी देते. अशी हमी तोच देऊ शकतो ज्याला स्वतःच्या वाळवणीची खात्री आहे. शिवाय पाच वर्षांनी त्याच जॉइंटचा दुसरा शाफ्ट मिळतो. ही गोष्ट छोटी वाटते, पण माझ्याकडे येणारी अर्धी रडगाणी ह्याच जागेची असतात. जॉइंटची पिन (दोन भाग जोडणारा स्क्रू) कुठे पाच-सोळांश इंचाची, इंचाला चौदा आट्यांची, कुठे अठरा आट्यांची, कुठे तीन-अष्टमांश दहा आट्यांची. नाव नसलेल्या कारखान्याची पिन ह्यातल्या कशाशीच नीट जुळत नाही, आणि मग मला नवीन पिन करून बसवावी लागते.

खरा स्वस्त माल ओळखायला देश लागतच नाही. बटवरची नक्षी नखाला लागत नाही आणि जवळून ठिपके दिसतात, म्हणजे ती चिकटवलेली छपाई. शाफ्ट मेपलपेक्षा हलका, रेघा ओबडधोबड, म्हणजे रामिन किंवा तसलंच काही पांढरं लाकूड. (रामिन पूर्वी हाऊस क्यूंना खूप वापरायचे, जंगलं संपत आल्यावर २००५ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं.) बटला मुठीनं हलकं ठोकलं की आत वजनाचा बोल्ट खुळखुळतो. अशी एक क्यू मला एकानं दाखवली, दुकानदारानं तिच्यावर अमेरिकन झेंड्याचं स्टिकर लावून तिप्पट भावात विकलेली. स्टिकरखाली मूळ देशाचं नाव खरवडलेलं होतं. मला राग चिनी कारखान्याचा आला नाही. त्यानं स्वस्त क्यू स्वस्त म्हणूनच पाठवली होती.

म्हणून दुकानात गेलात तर हे करा. आधी शाफ्ट एकटा टेबलावर लोळवा, मग बट एकटा, मग दोन्ही जोडून. वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर डुलतात, तर दोष जॉइंटच्या तोंडाचा आहे, तो लेथवर सुधारतो. शाफ्ट एकटाच डुलतो तर ठेवून द्या, त्याचं पुढे काही होत नाही. शाफ्ट उजेडात धरून रेघा टोकापर्यंत बघा. मध्ये एखादा तपकिरी डाग असला तर घाबरू नका, तो मेपलचा नैसर्गिक असतो, खेळाशी त्याचा संबंध नाही. सगळं नीट असेल तर किंमत विचारा, आणि शेवटी देश.

कार्बनच्या शाफ्टबद्दल पोरं विचारतात. ओल त्याला वाकवत नाही, हे खरं. खाडीकाठच्या माणसानं विचार करावा असाच तो आहे. मला स्वतःला मेपलचा ठोका हाताला गोड लागतो, पण म्हणून कुणाला अडवणार नाही.

टिप, फेरूल (टिपेखालची कडी), जॉइंटची पिन ह्यासाठी कधीही या. शाफ्ट टर्न करून घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. जुलैत फुगलेलं लाकूड मी लेथवर चढवत नाही.