अकरा मात्रांचा चौथा महिना: मिकी हार्टच्या वादनाचा अभ्यास

मागच्या नोंदीत मी स्वतःपुढे एकच काम ठेवले होते. मिकी हार्ट ज्यात ड्रम वाजवत असे, त्या ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडच्या ‘दि इलेव्हन’ या गाण्यातील अकरा मात्रांचे आवर्तन मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) न चुकवता, सलग पाच मिनिटे वाजवायचे होते. आषाढ संपता संपता ते जमले. मूळ ध्वनिमुद्रणाची लय याहून बरीच चढी आहे, त्यामुळे काम पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही. पण हात कुठे अडकला होता हे येथे लिहून ठेवतो, कारण ज्या चुकीत माझे सहा आठवडे गेले, ती ड्रमसेटकडून विषम मात्रांकडे वळणाऱ्या कोणाच्याही हातून सहज होऊ शकते.

मी एक ते अकरा असे अंक मोजत होतो. अंक मोजले की प्रत्येक मात्रा सारख्याच वजनाची वाटते, आठव्या-नवव्या मात्रेपाशी मन पुढच्या समेची चिंता करू लागते आणि हात घाई करतो. या गाण्याची रचना मात्र तीन, तीन, तीन आणि दोन अशा चार विभागांची आहे. अंक सोडून ‘तकिट तकिट तकिट तक’ असे तोंडाने म्हणू लागलो, तेव्हा तिसऱ्याच दिवशी शेवटचा आखूड विभाग आपोआप समेवर नेऊन सोडू लागला. लहानपणी चार वर्षे तबला शिकलेल्या माणसाला हे सुचायला सहा आठवडे लागावेत, याचे मला वाईट वाटते. काठ्या हातात घेतल्या की बोल विसरायचे, अशी सवय मला लागली होती.

दुसरी अडचण डाव्या पायाची होती आणि ती अधिक रंजक आहे. हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) एकाआड एक मात्रेवर ठेवला, तर पहिल्या आवर्तनात पाय १, ३, ५, ७, ९ आणि ११ या मात्रांवर पडतो, दुसऱ्यात तो २, ४, ६, ८ आणि १० वर सरकतो आणि तिसऱ्या आवर्तनाच्या आरंभी पुन्हा समेवर येतो. विभागांचे आरंभ १, ४, ७ आणि १० या मात्रांवर असल्यामुळे पहिल्या आवर्तनात पायाला पहिला आणि तिसरा विभाग भेटतो, तर दुसऱ्यात दुसरा आणि चौथा. दुसऱ्या आवर्तनाची सम पायाखाली नसते. ती फक्त उजव्या हाताने राइडवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, सांभाळावी लागते. माझा पाय नेमका तेथेच घसरून समेवर येत असे आणि सगळी घडी विस्कटत असे. शेवटी मी हात पूर्ण थांबवले, फक्त पाय चालू ठेवून तोंडाने बोल म्हटले आणि बावीस मात्रांचे हे मोठे आवर्तन रोज वीस मिनिटे असेच केले. आता पाय स्थिर आहे.

हा अभ्यास मी हार्टच्याच वादनावर का करतो, असे एका स्नेह्यांनी विचारले होते. १९४३ मध्ये ब्रुकलिन येथे जन्मलेल्या हार्टच्या घरात आई आणि वडील दोघेही ड्रम वाजवणारे होते, त्यामुळे काठ्यांची शिस्त त्याच्याकडे घरातूनच आली. सप्टेंबर १९६७ मध्ये तो ग्रेटफुल डेडमध्ये दाखल झाला, तेव्हा तेथे बिल क्रॉइट्समन हा उत्तम ड्रमर आधीपासूनच होता. त्याच वर्षी हार्टची उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी भेट झाली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ए. आर. कुरेशी या नावाने संगीत देणारे आणि पंजाब घराण्याचे तबलावादक असलेले हे तेच अल्लारखाँ. ‘दि इलेव्हन’चे सर्वपरिचित ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाले. ते ऐकताना मला असे ठामपणे वाटते की हार्टने तबल्याचा नाद उचलला नाही, तर आवर्तनाचे गणित उचलले. त्या ध्वनिमुद्रणात कोठेही तबला नाही, पण दोन ड्रमसेट एकाच आवर्तनाच्या वेगवेगळ्या जागांवर उभे राहून पुन्हा समेवर भेटतात, आणि हा विचार रॉकच्या चार मात्रांच्या ठेक्यातून सहज येणारा नाही.

१९७१ च्या आरंभी, वडील बँडचे व्यवस्थापक असताना झालेल्या अफरातफरीनंतर, हार्ट बँडमधून बाहेर पडला. त्याचा १९७२ चा स्वतंत्र अल्बम, ‘रोलिंग थंडर’, या काळातला आहे. त्यावर अल्लारखाँ आणि त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन या दोघांचेही वादन आहे आणि दहा मात्रांची ‘दि मेन टेन’ ही रचनाही आहे. माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन तेव्हा विशीत होते आणि कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले होते. तेथील विद्यार्थ्यांसह उभ्या राहिलेल्या आणि हार्टचाही सहभाग असलेल्या दिगा रिदम बँडचा अल्बम १९७६ मध्ये निघाला. त्याच्या नावातच तबल्याचा बोल आहे आणि त्यातील ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या रचनेतूनच पुढे डेडचे ‘फायर ऑन द माउंटन’ आकाराला आले. हार्टच्या सगळ्या कामात मला सर्वांत जवळचा अल्बम हाच आहे, कारण येथे ड्रमसेट, तबला आणि मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) एकमेकांना सजवत नाहीत, एकाच पंगतीला बसतात.

पुढच्या वाटचालीचा येथे केवळ उल्लेख करतो. १९७८ मध्ये डेडने गिझा येथील पिरॅमिडांजवळ कार्यक्रम केले, तेव्हा न्युबियाचे हमझा अल दीन यांची तार नावाची डफासारखी चर्मवाद्ये आणि टाळ्यांचा ठेका मंचावर होता. १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम यांचा घटम, नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरू अदेपोजू, ब्राझीलचे एअर्तो मोरेरा आणि पोर्तो रिकोचे जोव्हानी हिदाल्गो एकत्र आले. जागतिक संगीताच्या अल्बमसाठीचे पहिले ग्रॅमी पारितोषिक याच अल्बमला मिळाले.

या महिन्यात मी एक प्रयोग केला. ड्रमसेटमधील स्नेअर या ड्रमच्या डाव्या बाजूला, टॉम हा ड्रम काढून मोकळ्या झालेल्या जागी, तबला-डग्ग्याची जोडी बसवली. पहिल्या तीन विभागांचे ‘तकिट’ काठ्यांनी आणि शेवटचे ‘तक’ डाव्या हाताने तबल्यावर, अशी कल्पना होती. पावसाळी हवेत तबला सतत उतरत होता. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून काळी एक या स्वराला आणलेला नाद अर्ध्या तासात अर्धा स्वर खाली जात असे. शिवाय डाव्या हातातील काठी दोन मात्रांत ठेवून बोटे किनारीवर नीट पडत नाहीत, आणि चाटेचा, म्हणजे त्या किनारीचा, आवाज राइडच्या गुंजनाखाली पार बुडून जातो. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर स्पष्ट दिसले की मी नेमके तेच करत होतो, जे हार्टने १९६९ मध्ये टाळले: नाद उसना घेत होतो. जोडी परत खाली सतरंजीवर ठेवली आहे. आता सकाळी तबल्यावर अकरा मात्रांचा रुद्र ताल वाजवतो आणि संध्याकाळी तीच संख्या ड्रमसेटवर घेतो.

पुढील महिन्यासाठी दिगाच्या अल्बममधील सात मात्रांची ‘मॅग्निफिसंट सेव्हन्स’ घेतली आहे. सात मात्रांचा रूपक ताल अंगात मुरलेला असल्यामुळे हाताला ती सोपी जाईल असे वाटले होते, परंतु रूपकात समेवरच खाली (टाळी नसलेली, हलकी जागा) असते आणि ड्रमसेटवर बसताच माझा उजवा पाय समेवर मोठ्या ड्रमला जोरदार किक देतो. ती किक पहिल्या मात्रेवरून काढून चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर नेण्याचा सराव कालपासून मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत सुरू केला आहे.