आईची एफडी मोडायला लागलेलं वर्ष

आईची एक एफडी मोडायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. बँकेतलं काम तासाभराचं होतं. बाकीचा सगळा काळ आईची समजूत पटण्यात, आणि त्याहून जास्त माझी पटण्यात गेला. त्याच सुमाराला मी प्राणायाम शिकायला लागले होते. तो शिकत नसते तर ही एफडी आजही तशीच राहिली असती, असं मला मनापासून वाटतं.

आई सांगलीत एकटी राहते. वय 76. बाबा एका साखर कारखान्यात होते आणि तिथले पगार कधीकधी महिनोन् महिने थकायचे. तेव्हा किराणा उधारीवर यायचा, आणि पगार हातात पडला की आधी दुकानदाराची वही मिटायची. उरेल त्यातलं थोडं तरी आई बँकेत टाकायची. पुढे बाबांची ग्रॅच्युइटी आणि फंड आला, त्याच्याही पावत्या झाल्या. नात्यातल्या एकांचे पैसे पतसंस्थेत अडकले, तेव्हापासून आईने पतसंस्थेची पायरी चढणं सोडलं. 2020 च्या फेब्रुवारीत बँक ठेवींच्या विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्थांना हा विमा नसतो. हे सगळं तिला पेपर वाचून पाठ झालं होतं, आणि त्या हिशेबाने तिने ठेवी तीन बँकांत वाटून टाकल्या, प्रत्येकीत साधारण साडेचार लाख. व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून दर एप्रिलला तिन्ही शाखांमध्ये जाऊन 15एच हा फॉर्म भरायचा, हा तिचा नेम होता.

पावत्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत असतात. प्रत्येक बँकेच्या वेगळ्या, रबरबँड लावलेल्या, सोबत शंभर पानी वही. वहीत पावती नंबर, रक्कम, व्याजदर, ड्यू डेट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आई ती पिशवी आणि बीपीच्या गोळ्या घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली. फ्रिज, गाद्या, वर्षाचं धान्य, सगळं गेलं. पिशवी कोरडी राहिली. पण नंतर घर पुन्हा उभं करायला पैसे लागले तेव्हाही तिने एकही पावती मोडली नाही. ते दादाने आणि मी मिळून दिले. ‘अडीअडचणीला असावेत’ म्हणून ठेवलेले पैसे. याहून मोठी अडचण ती कोणती? हा प्रश्न तेव्हा ना तिच्या मनात आला ना आमच्या.

गेल्या वर्षी तिचे गुडघे फार दुखायला लागले. ओट्याशी उभं राहून दोन पोळ्या करायच्या तर मध्ये एकदा खुर्चीवर बसावं लागायचं. सकाळी आठ ते एक अशी स्वयंपाक आणि वरकाम करणारी बाई सात हजारांत मिळत होती. आई म्हणाली, "कशाला गं? त्यासाठी काय एफडी मोडायची?" आम्ही देतो म्हटलं तर तेही नको. "तुमचे हप्ते चालू आहेत." गंमत म्हणजे मला तिचं म्हणणं आतून पटत होतं. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे मीही तिच्याच घरात शिकले. मी डोंबिवलीत राहते, एका कंपनीत अकाउंट्स बघते, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे ताळे जुळवते. घरच्या पैशांबाबत मात्र माझ्या डोक्यात एकच आकडा असायचा, ‘एवढे झाले की बास’, आणि दर दिवाळीला तो आकडा वाढलेला असायचा.

माझंही बीपी त्याच वर्षी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला, चालायला सांगितलं आणि जमलं तर श्वसनाचा अभ्यास शिका म्हणाले. आमच्या सोसायटीजवळच्या हॉलमध्ये सकाळी सहाला वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाई लोणावळ्याच्या कैवल्यधामला शिकलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये काढलेली ही संस्था. योगाच्या क्रियांनी शरीरात काय घडतं ते यंत्रांनी मोजून बघायचं काम तिथे तेव्हापासून झालं. बाईंच्या शिकवण्यात तो पिंड दिसतो. त्या चमत्काराच्या गोष्टी सांगत नाहीत. "गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही" हे पहिल्याच तासाला बजावलं. बीपी असणाऱ्यांना कपालभाती, भस्त्रिका हे जोराच्या श्वासाचे प्रकार आणि श्वास रोखून धरणं, तिन्ही बंद.

सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी श्वासाला हातच लावू दिला नाही. उताणं झोपायचं, गुडघे उभे, एक हात छातीवर, एक पोटावर. बघायचं, कुठला हात हलतो. माझा छातीवरचा हात वर-खाली व्हायचा, पोटावरचा जागचा हलायचा नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली जातं तेव्हा पोट आपसूक वर यायला हवं. माझं येत नव्हतं, कारण ते मी सतत आत ओढून धरलेलं होतं. लोकलमध्ये, ऑफिसात, झोपेतसुद्धा बहुतेक. बाई शेजारी येऊन म्हणाल्या, "श्वास घेऊ नका. सोडा. मग तो स्वतःच येतो."

मग मोजणं आलं. चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, नाकानेच. म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. एरवी स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. एकदा बाईंनी सगळ्यांना मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायला लावली. आत घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात, बाहेर सोडताना लांबतात. मला आधी कळेना. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला बोटांखाली स्पष्ट लागलं. सोडताना हृदय खरोखर हळू होत होतं. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो आणि उच्छ्वासात त्याचा जोर वाढतो, असं बाईंनी समजावलं. मी कितीतरी वेळ नाडीवरची बोटं काढलीच नाहीत. शांत होण्याची सोय शरीरातच आहे आणि ती सोडण्याच्या बाजूला आहे, हे मला त्या दिवशी बोटांनी कळलं.

पुढे अनुलोम-विलोम सुरू झालं. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करायची, अनामिका-करंगळीने डावी, आळीपाळीने. वर्गातल्या एका काकांना पूरक, कुंभक, रेचक, म्हणजे श्वास घेणं, रोखणं, सोडणं, यांचं एकास चारास दोन हे प्रमाण ऐकून माहीत होतं, त्यांना ते लगेच हवं होतं. बाई म्हणाल्या, ते फार पुढचं आहे. आधी सोडताना घाई न होणं एवढं साधू द्या.

सवय झाली तसा श्वास वर्गाबाहेरही लक्षात यायला लागला. मोबाइलवर बँकेचं ॲप उघडलं, पिन टाकला, ते गोल चक्र फिरायला लागलं की माझा श्वास वरच्या वर थांबलेला असायचा. शिल्लक दिसली की सुटायचा, आणि तोही अर्धाच. महिन्याच्या सुरुवातीला हप्ता कापल्याचा मेसेज आला की पुन्हा तेच. आईच्या खर्चाबद्दल दादाशी फोनवर बोलताना तर मी वाक्यं श्वास न सोडताच बोलत होते. खात्यात पुरेसे पैसे असतानाही हे व्हायचं! मी डोक्यातला तो ‘बास’चा आकडा गाठला असता तरी हे थांबलं नसतं, हे तेव्हा उमगलं. भीती खात्यात नव्हती, बरगड्यांत होती, आणि तिथे ती सांगलीच्या घरातून, थकलेल्या पगारांच्या दिवसांपासून मुक्कामाला होती.

बाईंशी एकदा वर्गानंतर बोलले. त्या म्हणाल्या, पतंजलींच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा. पहिलं अंग यम, म्हणजे वागण्यातले संयम, आणि यमांतला पाचवा अपरिग्रह, गरजेपलीकडे साठवून न ठेवणं. "लोक थेट चौथ्या पायरीवर येतात, पहिलीसाठी माझ्याकडे कोणी येत नाही." मला वाटतं, उलट्या क्रमानेही चालतं. श्वास सोडता यायला लागल्यावर पैशाबद्दल विचारायचा प्रश्न मला सुचला, आधी सुचला नव्हता.

पुढच्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा पिशवी आणि वही घेऊन आईसमोर बसले. मोड म्हटलंच नाही. एकेक पावती उचलायची आणि विचारायचं, ही कशासाठी? पहिल्या बँकेच्या गठ्ठ्याला तिने पटकन उत्तर दिलं, "दवाखान्याला." दुसऱ्यातली एक नातीच्या लग्नासाठी. एक तिच्या स्वतःच्या शेवटच्या कार्यासाठी, दिवसांच्या जेवणासकट. तुम्हाला त्याचा भार नको म्हणाली. ते ऐकताना मला बोलवेना. मी सहा अंक मोजत श्वास सोडला, आणि मग पुढची पावती उचलली. तिसऱ्या बँकेच्या गठ्ठ्याशी ती थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही अशीच. असू दे."

बाबांच्या फंडातले साडेचार लाख. कशासाठीही नाहीत.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. साडेचार लाख भागिले सात हजार. चौसष्ट महिने. व्याज अजिबात धरलं नाही तरी पाच वर्षांहून जास्त काळ कुणीतरी येऊन तुला गरम पोळी करून वाढेल. आई त्या आकड्याकडे बघत राहिली. "म्हणजे मुद्दल खायचं?" तिने विचारलं. आमच्या घरात या दोन शब्दांत केवढी लाज भरलेली आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. मुद्दल खाणारा तो उधळ्या, नाहीतर बुडालेला. मी म्हटलं, "आई, बाबांनी ते तुझ्यासाठीच साठवलं होतं ना? मग तू नाही खायचं तर कोणी?"

त्या भेटीत ती हो म्हणाली नाही. त्यापुढच्याही नाही. मुदतीआधी मोडली तर ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा दर लागतो, आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. आमचं नुकसान चारेक हजारांचं होतं आणि ते चार हजार आईच्या डोक्यातून जाईनात. पूर्वीची मी असते तर वाद घातला असता, आवाज चढवला असता. आता तिच्या प्रत्येक ‘पण’नंतर मी एक श्वास पूर्ण सोडत होते, आणि तेवढ्या वेळात ती पुढचं बोलत होती. गुडघे, रात्रीची भीती, ‘उद्या मीच अंथरुणाला खिळले तर’. तोवर व्याजाच्या आकड्यांमागे हे सगळं दडून राहिलं होतं. तिनेही माझ्यासोबत खुर्चीत बसून श्वास सोडायला सुरुवात केली. अनुलोम-विलोममध्ये हात दुखतो म्हणाली. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, मात्र तिला आवडली.

तोडगा शेवटी बँकेतल्या एका तरुण मुलीने काढला. ती म्हणाली, आजी, एकदाच मोडा आणि लहान पावत्या करा. काही पैसे बचत खात्यात आणि बाकीच्या पन्नास-पन्नास हजारांच्या पावत्या, सात-आठ महिन्यांच्या अंतराने मुदत संपणाऱ्या. एकेक आपोआप पिकत जाईल, पुन्हा मोडायचा प्रश्नच नाही. हे ऐकल्यावर आईचा चेहरा खुलला. चार हजारांचं तिने मग नावही काढलं नाही. मागच्या बाजूला सही करून पावती काउंटरवर दिली आणि नव्या पावत्यांवर नॉमिनी म्हणून आम्हा दोघा भावंडांची नावं नीट लिहिली आहेत ना, ते स्वतः वाचून बघितलं.

आता स्वयंपाकाच्या मावशी येतात. त्यांच्या हातची भाकरी आईला स्वतःच्या भाकरीपेक्षा जाड वाटते आणि रोज दोघींची त्यावर चर्चा होते.

डोंबिवलीत नवरा आणि मी आमच्याही खात्यांची तशीच उजळणी केली. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम अडचणीसाठी बाजूला, लेकीच्या शिक्षणाची वेगळी. बदलापूरला दुसरा फ्लॅट बुक करायचं चाललं होतं, त्याला दोघांकडेही ‘कशासाठी’चं उत्तर नव्हतं, तो बेत सोडला आणि त्यातले काही पैसे गृहकर्जात भरले. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, हे बरं पडलं. तरीही आमच्याकडे एक ‘अशीच’ रक्कम उरली आहे. नवऱ्याला ती तशीच राहावी असं वाटतं. मला ऑफिसात पगार कमी करून आठवड्याचे दोन दिवस मोकळे घ्यायचे आहेत, आणि जेवढं कमी पडेल तेवढं त्यातून भरायचं आहे. त्या मोकळ्या दिवसांत महिन्यातून एकदा सांगलीत जाऊन राहता येईल. एचआरला मार्चच्या आत कळवायचं आहे. आमची बोलणी चालू आहेत, आणि ती बहुतेक रात्री जेवणानंतर, टीव्ही बंद करून होतात.